सध्या काय ऐकतोयस, आणि कुणाचं?

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर दरवर्षी तोच सीन. एक जण मोबाईल पुढे करतो, त्यावर भडक रंगात मोठा आकडा, गाण्याच्या ॲपवर वर्षभरात किती मिनिटं ऐकलं त्याचा, आणि म्हणतो, "४१ हजार मिनिटं!" दुसरा लगेच आपला काढतो, २८ हजार, आणि जरा ओशाळतो, जसे काय चाचणीत मार्क कमी पडलेत. मी मनातल्या मनात हिशोब केला, ४१ हजार मिनिटं म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन तास, मग वा, चांगलंच आहे की. म्हटलं, बरं, ऐकलंस काय एवढं? तर त्याने परत स्क्रीनकडे बघितलं. म्हणजे वर्षभर रोज दोन तास ह्याच्या कानात काहीतरी वाजत होतं आणि काय वाजत होतं ते सांगायला ह्याला ॲपला विचारावं लागलं.

त्याची चेष्टा करायचा हेतू नाही, माझंही तेच होतं. स्पॉटिफायने हे वर्षअखेरचं रॅप्ड प्रकरण २०१६ ला सुरू केलं, स्पॉटिफाय स्वतः भारतात आलं २०१९ च्या फेब्रुवारीत, आणि बघता बघता "काय ऐकलं" ह्या प्रश्नाचं "किती ऐकलं" कधी झालं कळलंच नाही. आता बाकीची ॲपंही तेच करतात. लोक म्हणतात काय बिघडलं, गंमत आहे, जाहिरात आहे, करू दे ना. गंमत आहे हे मान्यच. पण मला ह्यात एक गोष्ट खरंच खटकते आणि ती बाकीच्या जगापेक्षा आपल्याला, म्हणजे मराठी ऐकणाऱ्यांना, जास्त महागात पडतेय असं माझं म्हणणं आहे. आपण सध्या काय ऐकतोय हे एकमेकांना सांगणं हा आपल्याकडे टाइमपास कधीच नव्हता. आपल्या संगीताची नोंदवही त्या सांगण्यातच होती, आणि ती आपण स्क्रीनशॉटवर सोडून दिली.

नोंदवही हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. माझ्या मामाकडे खरंच एक वही होती, लांबडी, वाण्याच्या खात्यासारखी, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. त्यात तो कॅसेट लिहायचा. अनुक्रमांक, गायक, राग किंवा गाणी, साथीला कोण, कुठून घेतली, किती रुपये, आणि शेवटचा रकाना होता "सुचवणारा". त्या रकान्यात नावं असायची, बँकेतले सोमण, खालचे डॉक्टर, एसटीत भेटलेले गृहस्थ (नाव विचारायचं राहिलं). काही ठिकाणी नुसतंच "रेडिओ". आणि कुणी सुचवलेलं आवडलं नाही तर पेन्सिलीने पुढे एक छोटी फुली, म्हणजे त्या माणसाने पुढच्या वेळी काही सुचवलं की मामा जरा जपूनच पैसे घालायचा. सोमणांच्या पुढे एकही फुली नव्हती आणि डॉक्टरांच्या पुढे पुष्कळ होत्या, तरी डॉक्टरांना विचारणं त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही, कारण त्यांची चुकायची तऱ्हा त्याला पाठ झाली होती, डॉक्टरांना जे फार आवडतं ते आपल्याला चालणार नाही हीसुद्धा एक माहितीच ना.

आज ॲप आपल्याला जे सुचवतं त्यात हा रकानाच नसतो. "तुमच्यासाठी खास" असं लिहिलेलं असतं पण म्हणतंय कोण? त्याच्यापुढे फुली मारायची कुठे? सोमण चुकले असते तर दुसऱ्या दिवशी बँकेत मामाला तोंड दाखवायचं होतं त्यांना. माणसाने काही सुचवलं की त्यात त्याची थोडी अब्रू अडकलेली असते, मशीनची काय अडकणार. मशीन वाईट सुचवतं असं नाही, बऱ्याचदा झकास सुचवतं, मला त्यातून चांगल्या गोष्टी मिळाल्यात हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ते जे सुचवतं ते मी आधी ऐकलेल्याच्याच शेजारचं असतं, आणि सोमण कधीकधी मामाला एकदम दुसऱ्याच गावाला नेऊन सोडायचे.

आता कुणी म्हणेल हे सगळं जुन्या मध्यमवर्गीय घरातलं कौतुक झालं, बाकीच्या लोकांना कुठे वह्या होत्या. वह्या नव्हत्या पण रेडिओ होता. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे भक्त, आणि त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं, लोकांची रुची सुधारावी म्हणून. लोकांनी काय केलं? रुची सुधारत बसले नाहीत, रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं केंद्र, लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला, हिंदी सिनेगाण्यांचा कार्यक्रम, सुरू झाली आणि पुढची कितीतरी वर्षं बुधवारची रात्र सगळ्या देशाने त्या माणसाच्या नावावर लिहून दिली. सरकारला शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढायलाच लागलं. आणि ह्या दोन्हीकडे मुख्य गोष्ट होती ती फर्माईश. कोडरमाजवळचं झुमरीतलैया, अभ्रकाच्या खाणींचं गाव, ते सगळ्या देशाला माहीत झालं ते तिथल्या अभ्रकामुळे नाही, तिथून येणाऱ्या पोस्टकार्डांमुळे. आमच्याकडे मराठीत "आपली आवड" होतं. गाण्याआधी नावांची ती लांबच लांब यादी, अमुक गावचे अमुक, त्यांची बहीण, शेजारी आणि मित्रमंडळ, लोक हसायचे त्याला, गाणं तीन मिनिटांचं आणि नावं दोन मिनिटांची. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला हे गाणं आवडतं आणि ते सगळ्यांनी आत्ता माझ्याबरोबर ऐकावं, हे सांगायला माणूस पोस्टकार्डाचे पैसे घालत होता. आणि निवेदक गाण्याबरोबर काय सांगायचा? गायक, गीतकार, संगीतकार. तीन नावं. दर वेळी. ह्यामुळेच माझ्या आईला, जिने आयुष्यात एक कॅसेट स्वतःहून विकत घेतली नाही, शेकडो गाण्यांचे कवी आणि संगीतकार तोंडपाठ आहेत.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे, ती तीन नावं.

ॲपवर मराठी गाणं लावा. नाव दिसतं एकाचं, गायकाचं. बाकीचे कुठे आहेत ते बघायला तीन टिंबं दाबा, मग खाली जा, मग श्रेय असं काहीतरी दाबा, आणि तिथेही बऱ्याचदा नुसतं कंपनीचं नाव. इंग्रजी पॉपमध्ये हे खपून जातं कारण तिथे बहुतेक वेळा गाणारा म्हणजेच त्या गाण्याचा चेहरा, आणि बाकी माहिती दुसरीकडे कुणीतरी लिहून ठेवलेली असतेच. आपलं गाणं तसं बनतच नाही. भावगीत म्हणजे मुळातच कवी, संगीतकार आणि गायक अशा तिघांचा संसार. "इंद्रायणी काठी" घ्या. भीमसेन जोशींचा आवाज, विठ्ठल, आळंदी, त्यामुळे बऱ्याच जणांना तो कुठल्यातरी संताचाच अभंग वाटतो. लिहिलाय गदिमांनी आणि चाल पु. ल. देशपांड्यांची, १९५३ च्या सिनेमातला. "तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल" मात्र खरंच नामदेवांचा, पण चाल राम फाटकांची. "सावळे सुंदर रूप मनोहर" तुकारामांचा, चाल श्रीनिवास खळ्यांची. ही तीन गाणी एकाच प्लेलिस्टमध्ये एकापाठोपाठ वाजतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं एकच मामला आहे, भीमसेनांचे अभंग. राम फाटक आणि खळे ह्यांच्या चालीत काय फरक आहे हे कळायला आधी राम फाटक नावाचा माणूस होता हे तर कळायला पाहिजे!

सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे "शिवकल्याण राजा". १९७४, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या निमित्ताने आलेला अल्बम, लताबाई आणि हृदयनाथ. त्यात रामदास आहेत, कवी भूषण आहे म्हणजे ब्रजभाषा आली, सावरकर आहेत, गोविंदाग्रज आहेत, कुसुमाग्रज आहेत. सतराव्या शतकापासून विसाव्यापर्यंतचे कवी एका माणसाभोवती गोळा केलेत, आणि मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन, जे ते सगळं एका दोऱ्यात ओवतं. क्रम आहे त्याला, सुरुवात आहे, शेवट आहे. हे ॲपवर काय होतं? गायिका लता मंगेशकर, इतके ट्रॅक, आणि त्यातला एखादा उचलून "शिवजयंती स्पेशल" मध्ये, दुसरा "मराठी देशभक्ती" मध्ये, आणि निवेदनाचे तुकडे अधांतरी लोंबकळतात. कवी गायब. तीनशे वर्षांची कविता एका "आर्टिस्ट" च्या रकान्यात कोंबून बसवली.

कुणी म्हणेल अरे पण गाणं ऐकायला मिळतंय ना फुकट, आधी तेही नव्हतं. खरंय. मामाच्या वहीत ज्या गोष्टी मिळवायला त्याने दोन दोन वर्षं घालवली त्या मला लोकलमध्ये दादर ते ठाण्यात सापडतात. माझा तक्रारीचा सूर आहे पण मी काही कॅसेटच्या काळात परत जायला तयार नाही, ती टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवायची वगैरे लोकांना फार रम्य वाटतं, मला नाही. फक्त एवढंच, की कॅसेटच्या आत जो घडीचा कागद असायचा ना, त्यावर बारीक अक्षरात ही सगळी नावं असायची, तबला, हार्मोनियम, कधी संयोजक, कधी ध्वनिमुद्रणसुद्धा. गाणं त्या कागदातून मोबाईलमध्ये आलं आणि कागद तिकडेच राहिला. आणि तो कागद आता कंपनी देणार नाही, कारण त्यात कंपनीचा काही फायदा नाही. मग देणार कोण? ज्याला ते गाणं आवडतं तोच देणार, दुसरं कोण आहे.

ह्यात नुसता सभ्यतेचा प्रश्न नाहीये. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर त्यासाठी संसदेत भांडले, आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा जो हक्क मिळाला तो त्यांना सही करून कंपनीला देऊन टाकता येणार नाही असा नियम झाला. म्हणजे कायद्याने मान्य केलं की गाणं त्या दोघांचंही आहे. मग ज्या गाण्याचा कवी कुणालाच माहीत नाही त्याचा हक्क मागणार कोण आणि देणार कोणाला?

आता अल्बमबद्दल. जे लोक "मी अख्खा अल्बमच ऐकतो बुवा, शफल वगैरे आपल्याला जमत नाही" असं म्हणतात त्यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. २०२१ मध्ये अॅडेल ह्या इंग्लिश गायिकेने स्पॉटिफायला सांगितलं की अल्बमच्या पानावरचं शफलचं बटण काढा, आम्ही क्रम विचार करून लावतो, आणि त्यांनी काढलं पण. मस्त. पण अल्बम म्हणजे काही वेदवाक्य नाही हो. हा शब्दच कसा आलाय बघा, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर एका बाजूला तीनसाडेतीन मिनिटं मावायची, मग मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर तोडून एका जाड पुस्तकात पानापानाला खिसे करून ठेवायचे, ते फोटोच्या अल्बमसारखं दिसायचं म्हणून अल्बम. (आपल्याकडे अजूनही अल्बम म्हटलं की आधी लग्नाचाच आठवतो, तो बरोबरच आहे म्हणजे.) १९४८ ला एलपी म्हणजे लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली. म्हणजे अल्बमची लांबी ठरवली कुणी, तर प्लॅस्टिकच्या तबकडीवरच्या खाचांनी. आपल्या संगीताचं मूळ माप अल्बम नाहीच, बैठक आहे, रात्र आहे. तरीसुद्धा किशोरीताई आमोणकरांची ती एलपी, एका बाजूला भूप राग आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री, ऐकताना ह्या मापाबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही. "सहेला रे" संपतं आणि भूप पूर्ण झालेला असतो, घड्याळात किती वाजले कुणाला पडलंय. ती बाजू संपल्यावर उठून तबकडी उलटावी लागायची, तेवढ्यात जी शांतता व्हायची त्यातच बागेश्रीची तयारी व्हायची. ॲपवर भूपानंतर दीड सेकंदात ॲपला वाटेल ते सुरू होतं.

म्हणजे अल्बम पवित्र म्हणून अख्खा ऐका असं नाही. पण कुणी मला सांगितलं की मी सध्या अमुक अल्बम ऐकतोय, तर त्यात एक गोष्ट कळते, की हा माणूस एका ठिकाणी काही दिवस राहिलाय. लॉजवर उतरणं आणि खोली भाड्याने घेणं ह्यात फरक असतो तसा. पंधरा दिवस एकच गोष्ट ऐकणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं, की तिसऱ्या गाण्यातलं व्हायोलिन मला पहिल्या आठवड्यात ऐकूच आलं नव्हतं वगैरे. प्लेलिस्टवाल्याकडे सांगायला काय असणार, "व्हाइब भारी आहे".

ह्याच्यावर एक उलट आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात जास्त पटतो. तो म्हणजे हे सगळं सांगणं ही शुद्ध शायनिंग आहे. "सध्या काय ऐकताय" विचारलं की मराठी माणूस काय सांगतो? कुमारजी, किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर, मग थोडं पिंक फ्लॉइड, आणि तरुण दिसायचं असेल तर एखादं कोरियन नाव. खरं काय ऐकतो? यूट्यूबवर टी-सीरीजची हरिहरनच्या आवाजातली हनुमान चालिसा ३०० कोटींच्या पुढे बघितली गेलीय, म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांनी ऐकलीय, पण "मी सध्या हनुमान चालिसा ऐकतोय" असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. स्पॉटिफायवर तर प्रायव्हेट सेशन नावाची सोयच आहे, ती चालू केली की तुम्ही काय ऐकताय ते मित्रांना दिसत नाही. ज्या कंपनीने आवड मिरवायची सोय केली तिनेच ती लपवायची पण केली, कारण दोन्हीला गिऱ्हाईक आहे.

आणि लपवलं काय जातं ते बघा. गणपतीत आनंद शिंदेंच्या गाण्यावर नाचला नाही असा माणूस शोधून दाखवा. प्रल्हाद शिंद्यांचं विठ्ठलाचं गाणं लागलं नाही अशी आषाढी एकादशी दाखवा. पण "उत्तम मराठी अल्बम" अशी यादी कुणी केली की हे लोक त्यात नसतात, आणि वामनदादा कर्डक तर अजिबातच नसतात, ज्या माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून बाबासाहेब आंबेडकरांवर इतकी गाणी लिहिली, गायली की वस्त्यावस्त्यांमध्ये आजही ती पाठ आहेत. एप्रिलमध्ये आमच्या इथे १४ तारखेच्या आधी आठवडाभर भीमगीतं लागतात आणि ज्यांच्या घरी ती लागतात त्यांना गायक, कवी सगळे माहीत असतात, नावानिशी, कुठल्या कॅसेटमधलं कुठलं. ती पण वहीच आहे, फक्त ती आमच्या मामाच्या वहीला कधी भेटली नाही. मामाच्या वहीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधलं, एकही भीमगीत नाही, एकही लोकगीतांची कॅसेट नाही. सुचवणाऱ्यांच्या रकान्यात सोमण, डॉक्टर, जोशी, परत सोमण. माणसाचं सुचवणं मशीनपेक्षा बरं हे मी म्हणतोय खरं पण माणसं आपल्याच गल्लीतल्यांना विचारतात हे त्या वहीत स्वच्छ दिसतं, आणि मशीनला निदान ही एक खोड नाही, असं म्हणणार होतो, पण मशीनपण मी ऐकलेल्याच्याच शेजारचं देतं ना, म्हणजे गल्ली तीच. उपाय त्यावर एकच आहे की विचारायचं जरा लांबच्या माणसाला, आणि विचारल्यावर जे सांगेल ते खरंच ऐकायचं.

लांबच्या माणसाचं ऐकल्यावर काय होऊ शकतं ह्याचं एक टोकाचं उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, पृथ्वीवरचं साधारण ९० मिनिटांचं संगीत, २७ तुकडे. म्हणजे "आम्ही सध्या काय ऐकतोय" हे आख्ख्या मानवजातीने परग्रहवाल्यांना सांगितलं असं समजा. भारतातलं काय घ्यायचं, तर रॉबर्ट ब्राउन नावाच्या अमेरिकन संगीत अभ्यासकाने सांगितलं, केसरबाई केरकर, "जात कहाँ हो". तोपर्यंत केसरबाईंची ती तबकडी बाजारातून गायब झाली होती, शोधाशोध करून न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. गोव्यातल्या केरी गावची बाई, रेकॉर्डिंगच्या बाबतीत अतिशय चोखंदळ, आणि तिचा आवाज आज ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे, कुणा एकाने मनापासून सुचवलं म्हणून. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आणि नासाच्या यादीत कसं लिहिलंय? देश, रचनेचं नाव, गायिका "सूरश्री" सकट पूर्ण नाव, वेळ ३ मिनिटं ३० सेकंद. ताऱ्यांकडे पाठवताना ज्यांनी एवढं नीट लिहिलं त्यांच्या पृथ्वीवर आपण आपल्याच गाण्याखाली "अननोन आर्टिस्ट" वाचतो.

बरं, ह्या सगळ्याचा पैशाशी पण संबंध आहे, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे की एखादं गाणं बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याला रेकॉर्डिंगचे पैसे मिळणारच नाहीत, आणि एक वेळ मोजायची तर ३० सेकंद तरी वाजायला पाहिजे. मोठ्या स्टारला १००० म्हणजे धूळ. पण एखादी मुलगी कोल्हापुरात घरी बसून मराठीत आठ गाण्यांचा अल्बम करते, तिला प्रत्येक गाण्यासाठी वेगळे १००० पाहिजेत. उलटं गणित करा, ५० माणसांनी महिन्यातून दोनदा ते गाणं ऐकलं तर दहा महिन्यांत १००० होतात. पन्नास माणसं! एवढी माणसं तर बारशाला येतात. म्हणजे आपल्यातले पन्नास जण एकमेकांना नीट सांगतील, की हे ऐक, हिचं नाव अमुक, पाचव्या गाण्यापासून सुरू कर, तर ती मुलगी त्या रेषेच्या वर येते. आणि सगळे नुसते मिनिटांचे स्क्रीनशॉट टाकत बसले तर नाही येत. मुंबईतल्या स्वदेशी ह्या रॅप ग्रुपचं गाणं "द वारली रिव्होल्ट" मला असंच कुणीतरी तोंडी सांगितलं होतं, आरेच्या जंगलासाठी भांडणारे प्रकाश भोईर त्यात स्वतः गायलेत हे पण त्यानेच सांगितलं. ते जर सांगितलं नसतं तर मी ते एक मिनिट ऐकून पुढे ढकललं असतं, मला रॅपमधलं ओ की ठो कळत नाही.

आणि ॲपवरची यादी म्हणजे आपली नोंद असं समजून निवांत बसू नका, २०२४ मध्येच एअरटेलने विंक म्युझिक हे आपलं गाण्यांचं ॲप बंद केलं, त्याच वर्षी रेसो हे ॲपसुद्धा भारतातून गेलं. मामाची वही अजून आहे. बुरशीचा वास येतो, पण आहे.

तर मी स्वतः सध्या काय करतो ते सांगतो, उपदेश म्हणून नाही. मी वहीच केलीय, साधी दोनशे पानी. कुणी काही सांगितलं की लिहितो, तिन्ही नावं शोधून काढतो, सापडली नाहीत तर सांगणाऱ्याच्याच मागे लागतो, आणि शेवटचा रकाना मामाचाच ठेवलाय. आमच्या बिल्डिंगमध्ये खाली एक ओंकार म्हणून पोरगा आहे, एकोणीस वर्षांचा, कानात कायम काहीतरी घातलेलं. त्याला लिफ्टमध्ये विचारलं, काय ऐकतोयस रे सध्या? पहिल्यांदा तो दचकला, त्याला वाटलं आवाज कमी कर म्हणतायत. मग सांगितलं, मराठी रॅपचा एक अल्बम, आणि प्रोड्यूसर कोण, बीट कुणाची, दुसऱ्या गाण्यात पाहुणा कोण, कुठल्या गावचा, चौथ्या मजल्यापर्यंत सगळं घडाघडा. मी थक्क झालो, ह्याच्या डोक्यात तो कॅसेटमधला कागद जसाच्या तसा होता. मी ऐकला तो अल्बम, दोनदा. पहिली दोन गाणी आवडली, बाकी डोक्यावरून गेली, पण वहीत फुली नाही मारली अजून, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकलंय.

मग तो म्हणाला, काका, आता तुम्ही एक सांगा. मी "शिवकल्याण राजा" सांगितला. आणि नीट बजावलं, शफल बंद, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने, कवी कोण कोण आहेत ते कागदावर लिहून दिलं, अगदी भूषण कुठल्या भाषेत लिहायचा तेसुद्धा. चार दिवसांनी लिफ्टमध्ये भेटला. म्हटलं ऐकलंस का? म्हणाला, "ऐकला ना काका, पूर्ण ऐकला, क्रमाने. ते मधे मधे एक आजोबा बोलतात ना, तेवढं फक्त स्किप केलं."